टांकसाळीच्या दारात ताटकळलेला संग्राहक

नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. त्याच समारंभात पंचाहत्तर रुपयांच्या एका नाण्याचे प्रकाशन झाले. त्यासाठीची अर्थ मंत्रालयाची अधिसूचना तीनच दिवस आधी निघाली होती. नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. मिश्रधातूत निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि उरलेल्यात निकेल व जस्त. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, दुसऱ्या बाजूला संसद संकुल. दूरचित्रवाणीवर ते कोट्यवधी लोकांनी पाहिले. हातात किती जणांनी घेतले, याची मोजदाद करण्याचे कारण कोणाला पडले नाही.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त टपाल कर्मचारी आहेत. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या मनीऑर्डरी पोहोचवल्या आणि त्यातून उरलेल्या पैशांत नाणी जमवली. त्यांच्या संग्रहाच्या वहीत काही कप्पे रिकामे आहेत आणि प्रत्येक रिकाम्या कप्प्याखाली त्यांनी नाण्याचे वर्ष व प्रसंग सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवला आहे. कधी बातमी कळेपर्यंत मागणी नोंदवण्याची मुदत सरलेली, कधी नातवाला संगणकासमोर बसवूनही संकेतस्थळ उघडलेले नाही. तीच नाणी व्यापाऱ्यांकडे आहेत, परंतु तिप्पट भावाने. ते विकत घेत नाहीत. ‘सरकारचे नाणे सरकारकडूनच घ्यायचे,’ असा त्यांचा हट्ट आहे. मला तो हट्ट हास्यास्पद वाटत नाही.

स्मारक नाणे म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. नाणे कायदा, २०११ अन्वये एक हजार रुपयांपर्यंतच्या मूल्याचे नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि तो अन्य कोणालाही नाही. नोटा रिझर्व्ह बँकेच्या. नाणी मात्र थेट भारत सरकारची. एखाद्या व्यक्तीची, घटनेची वा संस्थेची स्मृती नाण्यावर कोरणे हे म्हणूनच राष्ट्राच्या वतीने केलेले विधान असते. ते सगळ्यांच्या नावाने केले जाते. स्वतंत्र भारताचे असे पहिले नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले. ते एक रुपयाचे व पन्नास पैशांचे होते आणि ते लोकांच्या खिशात गेले. १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया असाच हातोहात फिरला. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आणि संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे बसच्या वाहकाने परत दिलेल्या सुट्या पैशांतून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागला नव्हता.

पुढे नाण्यांची मूल्ये वाढत गेली. २०१० मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त एक हजार रुपयांचे नाणे निघाले. रवींद्रनाथांच्या सार्धशताब्दीला दीडशेचे, डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीला सव्वाशेचे, गुरू नानकांच्या ५५०व्या प्रकाशपर्वाला साडेपाचशेचे. रिझर्व्ह बँकेला नव्वद वर्षे झाली तेव्हा २०२४ मध्ये शुद्ध चांदीचे नव्वद रुपयांचे नाणे पाडले गेले. कोलकात्याच्या टांकसाळीने तर स्वतःच्या हीरक महोत्सवासाठी साठ रुपयांचे नाणे काढले. या नाण्यांवर दर्शनी मूल्य कोरलेले असते, पण ती देऊन कोणी भाजी आणत नाही. बँकेच्या खिडकीवर ती मिळत नाहीत. ती फक्त टांकसाळीकडे मागणी नोंदवून विकत घ्यायची असतात. राष्ट्राचे विधान अशा रीतीने विक्रीची वस्तू झाले. त्यालाही माझी हरकत नाही. मात्र विक्री करायची तर दुकानदाराची कर्तव्येही पत्करावी लागतात.

नेमकी तीच कर्तव्ये कोणाची, हे ठरलेले नाही. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे कारण समजायला वेळ लागत नाही. नाणे काढण्याचा प्रस्ताव एखाद्या मंत्रालयाकडून, संस्थेकडून किंवा राज्याकडून येतो. निर्णय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात होतो. नाणे पाडणाऱ्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळी २००६ पासून भारतीय प्रतिभूती मुद्रण आणि मुद्रानिर्मिती महामंडळाच्या अखत्यारीत आहेत. प्रस्ताव मांडणाऱ्याला समारंभ हवा असतो, मंत्रालयाला अधिसूचना वेळेत निघायला हवी असते आणि टांकसाळीला समारंभापुरते नग तयार करून द्यायचे असतात. या तिघांचेही काम प्रकाशनाच्या दिवशी संपते. ग्राहकाचे काम त्याच दिवशी सुरू होते आणि तेव्हा समोर कोणी उरलेले नसते.

संग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांत विलक्षण साम्य आढळते. विक्री कधी सुरू होणार याची सूचना पुरेशी आधी मिळत नाही. नोंदणीची मुदत थोडी असते आणि मागणीचे नाणे असेल तर पहिल्याच तासात संकेतस्थळ कोलमडते. रक्कम संपूर्ण आणि आगाऊ भरायची. नाणे मात्र महिन्यांनी येते. विशिष्ट वर्षाचे संच ते वर्ष उलटून बराच काळ गेल्यावर विक्रीला येतात. हातात पडलेल्या नाण्यावर डाग वा ओरखडा निघाला तर बदलून घेण्यासाठी करावा लागणारा पत्रव्यवहार नाण्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो. पूर्वी प्रत्येक टांकसाळीकडे स्वतंत्र अर्ज आणि डिमांड ड्राफ्ट पाठवावा लागे, त्या मानाने आजची पद्धत सुटसुटीत आहे, हे मान्य केले पाहिजे. पण अर्ज पाठवून वाट पाहणाऱ्याला निदान रांगेत आपला क्रमांक असल्याचा दिलासा होता. आता रांगच दिसत नाही.

तेलुगू चित्रपटसृष्टीचे नायक आणि आंध्रचे माजी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्या जन्मशताब्दीचे शंभर रुपयांचे नाणे ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते प्रकाशित झाले, तेव्हा हैदराबादमध्ये टांकसाळीच्या विक्री केंद्रांवर लोकांनी रांगा लावल्या. त्यांतले बहुसंख्य संग्राहक नव्हते; आपल्या आवडत्या माणसाची आठवण घरात असावी एवढीच त्यांची इच्छा होती. त्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी होती. तेव्हाच्या भावाने तिची किंमत दीड हजार रुपयांच्या आत भरते. नाण्याची किंमत चार हजारांच्या पुढे होती. घडणावळ, पेटी, कर हे सारे धरूनही टांकसाळीला या व्यवहारात तोटा झाला असण्याची शक्यता दिसत नाही. तेव्हा ‘स्मारक नाणी हा आमचा मुख्य व्यवसाय नव्हे’ हे नेहमीचे उत्तर फारसे टिकत नाही. मुख्य व्यवसाय नसेल, पण किफायतशीर नक्कीच आहे. आणि या व्यवसायात दुसरा विक्रेता असूच शकत नाही. मक्तेदाराने ग्राहकाला ताटकळत ठेवणे हे खासगी व्यापाऱ्याने ताटकळत ठेवण्यापेक्षा अधिक गंभीर असते, कारण ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते.

दुसरे दुकान अर्थात आहेच. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत ही नाणी महाजालावरच्या बाजारात दुप्पट-तिप्पट किमतीला दिसू लागतात. व्यापाऱ्यांना दोष देण्याचा मोह होतो. पण ज्या मालाची एकूण संख्या कोणाला ठाऊक नाही आणि जो पुन्हा मिळेल की नाही हेही ठाऊक नाही, त्याचा भाव अफवेवर चढणारच. संग्राहकांच्या बाजूनेही एक दुटप्पीपणा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. नाणे मिळाले नाही तर ते टंचाईबद्दल तक्रार करतात आणि मिळाल्यानंतर टांकसाळीने तेच नाणे पुन्हा पाडले तर विपुलतेबद्दल. या दोन्ही तक्रारींवर उपाय एकच आहे आणि तो साधा आहे. एकतर संख्या आधी जाहीर करावी आणि ती संपली की विक्री थांबवावी. किंवा मुदत आधी जाहीर करावी आणि त्या मुदतीत जितकी मागणी येईल तितकी नाणी पाडून द्यावीत. दोन्ही गुलदस्त्यात ठेवल्या की उरते ते केवळ नशीब.

या अडचणी केवळ आपल्याच वाट्याला आल्या आहेत असेही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने केवळ तीस हजार नग असलेले चांदीचे एक ईगल नाणे विक्रीस काढले. ते काही मिनिटांत संपले आणि असंख्य ग्राहक संकेतस्थळाच्या उंबरठ्यावरच राहिले. मे २०२१ मध्ये जुन्या धर्तीच्या मॉर्गन डॉलरच्या विक्रीत पुन्हा तेच झाले. तेव्हा मात्र त्या टांकसाळीने चूक कबूल केली आणि त्याच मालिकेतल्या पुढच्या नाण्यांची ठरलेली विक्री पुढे ढकलली. ती टांकसाळ आपल्या विक्रीचे एकत्रित आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध करते. एका घरास किती नग मिळतील याची मर्यादा घालते आणि ठरावीक मालिकेसाठी आगाऊ नाव नोंदवण्याची सोय देते. तिच्यावर टीका थांबलेली नाही. परंतु टीका करणाऱ्याच्या हातात आकडे असतात.

त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्याच टपाल खात्याकडे पाहावे. तिथे तिकीटसंग्राहकाला एक अनामत खाते उघडता येते. त्यात थोडी रक्कम ठेवली की नवी तिकिटे आणि प्रथम दिवस आवरणे त्याच्या मागणीनुसार निघत राहतात. मोठ्या शहरांच्या मुख्य टपाल कार्यालयांत तिकीटसंग्राहकांसाठी स्वतंत्र खिडकी असते. प्रत्येक स्मारक तिकिटासोबत एक माहितीपत्रक निघते आणि त्यावर तिकिटाच्या विषयाइतक्याच निष्ठेने छापलेले असते, की किती तिकिटे छापली, कोणत्या पद्धतीने छापली आणि कोठे. यातली गंमत अशी, की ही तिकिटे छापणारी नाशिक आणि हैदराबाद येथील मुद्रणालये चारही टांकसाळी चालवणाऱ्या त्याच महामंडळाची आहेत. एकाच घरातून निघालेल्या तिकिटाचा आकडा ग्राहकाला मिळतो, नाण्याचा सहसा मिळत नाही. यामागे सुरक्षिततेचे काही कारण असेल असे मला बराच काळ वाटत असे. पाच रुपयांच्या तिकिटाची संख्या उघड करता येत असेल आणि पंचाहत्तर रुपयांच्या नाण्याची येत नसेल, तर ते कारण काय हे सांगणारा अद्याप भेटलेला नाही.

नाण्यांच्या संख्येचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो आग्रह सोडता येत नाही. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी त्यात होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नहपानाचा पराभव झाला हे शिलालेखांवरून अनुमानता येते. पण विजेत्याने पराजिताच्या चलनाचे काय केले, किती प्रमाणात केले, हे त्या साठ्याच्या मोजणीने सांगितले. नाण्यावर काय कोरले आहे हे पुराव्याचे अर्धे अंग झाले. ती किती होती आणि कोणाच्या हातांत होती, हे उरलेले अर्धे.

टांकसाळ आणि संग्राहक यांचे नाते आपल्याकडे नेहमीच असे कोरडे होते असेही नाही. जेम्स प्रिन्सेप हा कोलकात्याच्या टांकसाळीतला धातुपरीक्षक. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया चालू केला त्या काळात तो तिथे अधिकारपदावर होता. पंजाबातून, अफगाणिस्तानातून, गंगेच्या काठावरून हौशी संग्राहक त्याच्याकडे जुनी नाणी आणि त्यांची रेखाटने पाठवीत. ग्रीक आणि स्थानिक अशा दोन लिप्यांची नाणी तुलना करून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. १८३७ मध्ये त्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि अशोक हा आपल्या इतिहासात परत आला. पंचाहत्तर रुपयांच्या नाण्यावर जे सिंहशीर्ष आहे, त्याच्या स्वामीची ओळख पटवण्याचे काम टांकसाळीतल्या एका अधिकाऱ्याने आणि त्याला नाणी पुरवणाऱ्या संग्राहकांनी मिळून केले होते, हे आजच्या टांकसाळींना कोणी सांगितले असेल का?

उलट उदाहरणही याच टांकसाळींचे आहे. ब्रिटिश काळातले जुने ठसे वापरून संग्राहकांच्या मागणीप्रमाणे नाण्यांच्या प्रती पाडून देण्याची प्रथा मुंबई व कोलकाता येथे दीर्घकाळ होती. ती १९७०च्या सुमारास बंद झाली. तेव्हाच्या संग्राहकांना त्यात आनंदच वाटला असेल. पण कोणत्या ठशावरून कोणत्या वर्षी किती प्रती पाडल्या याच्या पुरेशा नोंदी उपलब्ध नसल्यामुळे विल्यम राजाच्या काळातले एखादे नाणे मूळचे की नंतरचे, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. लिलावात तो वाद लाखो रुपयांचा होतो. आज आपण जी नाणी पाडत आहोत त्यांच्याबाबत पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला याच अंधारात ठेवण्याची तयारी चालली आहे. माहितीच्या अधिकाराखाली एकेक अर्ज करून संग्राहक आकडे गोळा करतात, आपापसांत वाटतात, जपून ठेवतात. जे काम टांकसाळीच्या अभिलेखागाराने करायचे ते हौशी माणसे दहा-दहा रुपयांचे शुल्क भरून करत आहेत.

सुधारणेसाठी नवा कायदा लागत नाही. नाण्याच्या अधिसूचनेत धातू, वजन, व्यास आणि नक्षी यांचा तपशील असतोच. त्याच वेळी विक्रीची मुदत अथवा नियोजित संख्या जाहीर करता येईल. वर्षभरात कोणती स्मारक नाणी निघणार आहेत याची यादी वर्षारंभी देता येईल. शताब्द्या आणि सार्धशताब्द्या काही अचानक येत नाहीत, त्यांची तारीख शंभर वर्षे आधी ठाऊक असते. टपाल खात्याच्या धर्तीवर अनामत खाते सुरू केले तर संकेतस्थळावरची पहिल्या तासाची झुंबड निम्म्याने ओसरेल आणि ज्याच्याकडे संगणक नाही त्यालाही नाणे मिळेल. नाणे पाठवण्यास उशीर झाला तर रक्कम परत मागण्याचा पर्याय ग्राहकाला असावा. चांदीचा भाव २०२५ मध्ये ज्या वेगाने चढला, त्यामुळे आगाऊ घेतलेली किंमत आणि प्रत्यक्ष पाडण्याच्या दिवशीची किंमत यांत मोठी तफावत पडू शकते, ही टांकसाळीची अडचण खरी आहे. पण तो धोका कोणी आणि किती उचलायचा, हे मागणी घेतानाच लिहून द्यावे. मौनाने तो ग्राहकावर ढकलू नये.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांच्या स्मरणार्थ नाणे निघते त्यांची एखादी आवृत्ती सर्वसाधारण चलनातही असावी. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी २०२२ मध्ये थेट चलनात आली. ती कोणालाही मागवावी लागली नाहीत. अंध व्यक्तींना स्पर्शाने ओळखता येतील अशीही त्यांची रचना होती. त्या नाण्यांवर संग्राहकांची एकही तक्रार मी ऐकली नाही. जिल्ह्यात काम करत असताना कोषागाराच्या तपासणीला गेलो की शिपाई नाण्यांच्या पिशव्या वजन करून दाखवीत आणि त्यांतून एखादे नवे नाणे निघाले तर सगळे कामकाज क्षणभर थांबून ते हातोहात फिरे. कारकुनापासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येक जण त्याची कड अंगठ्याने चाचपून पाही.

मुंबईच्या किल्ल्यातली टांकसाळ १८२९ मध्ये उभी राहिली. कोलकात्यात हुगळीकाठच्या स्ट्रँड रस्त्यावरची जुनी टांकसाळही त्याच वर्षी सुरू झाली. तिची जागा घेणाऱ्या अलीपूरच्या टांकसाळीचे उद्घाटन १९५२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केले होते. म्हणजे २०२९ मध्ये दोन ऐतिहासिक टांकसाळींची द्विशताब्दी एकदम येते आहे. साठ वर्षांसाठी जिथे साठ रुपयांचे नाणे निघाले, तिथे दोनशे वर्षांसाठी दोनशे रुपयांचे नाणे निघेल असे गृहीत धरायला हरकत नाही. ते किती पाडले जाणार, त्याची मागणी कोठे आणि किती दिवस नोंदवता येणार आणि ते घरी कधीपर्यंत पोहोचणार, हे टांकसाळींनी २०२८ संपण्यापूर्वी जाहीर करावे. माझ्या टपालखात्यातल्या मित्रांनी वहीत त्या नाण्यासाठी कप्पा राखून ठेवला आहे. त्याखाली वर्षही लिहिले आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)